हातातला कन्सोल की खिशातला मोबाइल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर सगळं फुकट मिळत असताना गेमसाठी वेगळं यंत्र कशाला घ्यायचं, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. विचारणाऱ्यांत पालक असतात, कॉलेजातली मुलं असतात आणि पहिल्या पगारातून काहीतरी हौसेचं घ्यायला निघालेले तरुणही असतात. माझं मत आधीच सांगून टाकते: दोन्ही टिकणार आहेत. कोण किती टिकेल हे चिपच्या ताकदीवर फारसं अवलंबून नाही. गेम बनवणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात, यावर ते जास्त ठरतं. खालची उत्तरं वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल.

हँडहेल्ड कन्सोल म्हणजे नेमकं काय?

स्वतःचा पडदा, स्वतःची बटणं आणि स्वतःची बॅटरी असलेलं, मुख्यतः गेम खेळण्यासाठीच बनवलेलं, हातात धरता येईल असं यंत्र. निन्टेंडोचा गेम बॉय, सोनीचा पीएसपी, निन्टेंडो स्विच आणि व्हॉल्व्हचा स्टीम डेक ही त्यातली ठळक नावं. नव्वदच्या दशकात जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळणारा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेमही याच घराण्यातला. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी वरून पडणारे ठोकळे पहिल्यांदा रचले ते त्याच्यावरच.

मोबाइल आला आणि हँडहेल्ड संपले, असं म्हणतात. खरं आहे का?

काही वर्षं तसंच दिसत होतं. २००४ च्या अखेरीस निन्टेंडो डीएस आणि सोनीचा पीएसपी बाजारात आले. डीएस १५ कोटी ४० लाखांच्या घरात खपला, पीएसपी ८ कोटींच्या आसपास. त्या काळात फोनवरचा गेम म्हणजे नोकियातला साप. नोकियाने २००३ मध्ये एन-गेज नावाचा गेमिंग फोन काढूनही पाहिला होता. पण त्यातलं गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागे आणि बोलताना फोनची कड कानाला लावावी लागे. तो चालला नाही.

मग २००७ मध्ये आयफोन आला आणि जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडलं. डिसेंबर २००९ मध्ये अँग्री बर्ड्स आला आणि ज्यांनी आयुष्यात कधी गेमला हात लावला नव्हता ते लोक बसस्टॉपवर उभे राहून गेम खेळू लागले. २०११ मध्ये निन्टेंडोने डीएसचा वारस ३डीएस आणला तेव्हा त्याची अमेरिकेतली किंमत २५० डॉलर होती. विक्री इतकी मंदावली की काही महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, ती १७० डॉलरवर आणावी लागली आणि कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. ३डीएस पुढे सावरला आणि साडेसात कोटींच्या पुढे गेला, पण डीएसच्या मानाने ते निम्मेच. सोनीचा व्हिटा २०१९ मध्ये बंद झाला आणि पीएसपीच्या वंशात त्याच्यानंतर स्वतःच्या जोरावर गेम चालवणारं यंत्र सोनीने आणलेलं नाही.

या आकड्यांवरून बऱ्याच जणांनी हँडहेल्डचे दिवस भरले असं ठरवून टाकलं. पण नेमके कोण गेले ते पाहायला हवं. डीएसचा मोठा ग्राहक दहा मिनिटांची कोडी, आकडेमोड आणि मेंदूचे व्यायाम यांसाठी तो घेत असे. तो ग्राहक फोनकडे गेला तो कायमचा. चाळीस-चाळीस तास चालणारी कथा, कठीण लढाई किंवा मित्रांबरोबर एकाच सोफ्यावर बसून खेळायचं काहीतरी हवं असलेला माणूस मात्र गेला नव्हता. त्याच्यासाठी चांगलं यंत्र येण्याचीच वाट होती.

मग स्विच इतका का चालला?

मार्च २०१७ मध्ये आलेल्या स्विचने एक साधी गोष्ट केली. जो गेम हातात धरून खेळता, तोच टीव्हीच्या शेजारच्या डॉकमध्ये ठेवला की मोठ्या पडद्यावर तिथूनच पुढे सुरू. निन्टेंडोला घरच्या यंत्रासाठी वेगळे आणि हातातल्यासाठी वेगळे गेम बनवण्याची गरज उरली नाही. सगळी ताकद एकाच ठिकाणी लागली. १५ कोटींहून जास्त स्विच विकले गेले.

आणि त्यात चिप होती एनव्हिडियाची टेग्रा एक्स१, जी तेव्हाच दोन वर्षं जुनी झालेली. कागदावर तिला मागे टाकणारे फोन लवकरच निघाले. तरीही काही बिघडलं नाही. कारण निन्टेंडोच्या घरात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९८९ मध्ये गुनपेई योकोई यांच्या हाताखाली गेम बॉय तयार झाला तेव्हाही त्याचा पडदा हिरवट आणि रंगहीन होता. समोर सेगाचा गेम गिअर होता, रंगीत आणि देखणा. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चारच सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा, पडला तरी सहसा बिघडत नसे आणि स्वस्तही होता. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर खपले. जुना झालेला, स्वस्त झालेला, नीट समजलेला भाग घ्यायचा आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, ही योकोई यांची पद्धत होती. आजही ती तितकीच खरी वाटते.

फोनची चिप कन्सोलपेक्षा ताकदवान असेल, तर मोठे गेम फोनवर का येत नाहीत?

येतात. २०२३ च्या आयफोन १५ प्रोपासून रेसिडेंट इव्हिल व्हिलेज आणि डेथ स्ट्रँडिंगसारखे मूळचे कन्सोलवरचे गेम फोनवर चालले. म्हणजे ‘चालतील का’ हा प्रश्न मिटलेला आहे. उरतात दोन अडचणी.

पहिली उष्णतेची. फोनमध्ये पंखा नसतो. चिपची उष्णता मागच्या काचेतून आणि कडेच्या धातूतून बाहेर पडते, म्हणजे तुमच्या तळहातात येते. सुरुवातीची काही मिनिटं फोन पूर्ण जोराने पळतो, मग स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि पडद्याचा उजेडही उतरवतो. स्टीम डेकची चिप १५ वॉटपर्यंत वीज घेते आणि पंखा ती उष्णता सतत बाहेर फेकतो. फोन इतकी वीज दीर्घकाळ पेलू शकत नाही. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला पंख्याखाली बसून मोठा गेम खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी अडचण पैशाची, आणि तीच खरी मोठी आहे. निन्टेंडोने स्वतः हे करून पाहिलं. डिसेंबर २०१६ मध्ये सुपर मारिओ रन आयफोनवर आला. सुरुवातीचे टप्पे फुकट, पूर्ण गेम दहा डॉलरला, नंतर एक पैसाही नाही. वीस कोटींहून अधिक डाउनलोड झाले. तरीही अपेक्षित नफ्याची पातळी गाठता आली नाही, असं कंपनीने मान्य केलं. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या गेम-पात्राला घेऊनही फोनवर दहा डॉलर मागणं जड गेलं. त्याच दहा डॉलरच्या पाच-सहापट पैसे लोक स्विचवरच्या मारिओसाठी देतात. पात्र तेच, कंपनी तीच. फोनच्या दुकानात शिरताना आपण मनाशी जी किंमत धरलेली असते ती शून्य असते, एवढाच फरक.

पडद्यावर बोट फिरवून खेळता येतंच की. बटणांनी इतका काय फरक पडतो?

गेमवर अवलंबून आहे. लुडो, बुद्धिबळ, पत्ते, कोडी, शेतीचे निवांत गेम यांना बोटच उत्तम. तिथे बटणं अडचणीची वाटतात.

पण धावणं, उडी मारणं आणि नेम धरणं एकाच वेळी करायचं असेल तर काचेवर अंगठ्याला काही समजत नाही. बटण नेमकं कुठे आहे, ते दाबलं गेलं की नाही, अर्धं दाबलं की पूर्ण, हे सगळं डोळ्यांनी तपासावं लागतं. शिवाय दोन अंगठ्यांनी पडद्याचा बराचसा भाग झाकला जातो. अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशेचं बटण योकोई यांनीच १९८२ च्या डाँकी काँगच्या छोट्या यंत्रासाठी घडवलं आणि चार दशकांनंतरही ते जवळपास तसंच आहे, कारण अंगठा न पाहता त्यावर फिरतो.

फोनवर वाढलेली मुलं चार बोटांनी काचेवर जे करतात ते थक्क करणारं असतं, हेही मी मनापासून सांगते. त्यांचं कौशल्य कमी लेखू नये. फक्त ते कौशल्य यायला जितका वेळ जातो, तितक्या वेळात बटणांवर नवखा माणूस आरामात खेळू लागतो.

फोनला कंट्रोलर जोडला तर कन्सोलची गरज उरते का?

बऱ्याच जणांसाठी उरत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर किंवा फोनला दोन्ही बाजूंनी धरणारा कंट्रोलर हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. दोन गोष्टी बघून घ्या: तुमचा आवडता गेम कंट्रोलरला मान्यता देतो का (अनेक ऑनलाइन लढाईचे गेम देत नाहीत) आणि फोनचं कव्हर काढावं लागेल का. मधेच फोन वाजेल, ऑफिसचा मेसेज येईल, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरणार नाही, या अडचणी मात्र कंट्रोलरने सुटत नाहीत. ज्यांना खेळताना जगापासून अर्धा तास दूर राहायचं आहे, त्यांना वेगळ्या यंत्राचा खरा उपयोग तिथेच होतो.

गेम फुकट मिळत असताना पैसे का मोजायचे?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

फोनवरचा फुकट गेम बनवायलाही शेकडो माणसं लागतात आणि त्यांचे पगार कुणीतरी देतंच. जाहिराती थोडे देतात. बाकीचं खेळणाऱ्यांपैकी मोजके लोक देतात, आणि ते खूप देतात. म्हणून गेमची रचनाच अशी होते की त्या मोजक्यांनी पुन्हा पुन्हा द्यावं. आयुष्य संपलं, आता थांबा किंवा पैसे भरा. इमारत बांधायला दोन दिवस लागतील, नाहीतर रत्नं खर्च करा. तुमचा मित्र पुढे गेला. आजची भेट घ्यायला आला नाहीत तर मालिका तुटेल. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी बसून, मोजून, तपासून ठेवलेली असते.

उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला गेन्शिन इम्पॅक्ट हा अतिशय देखणा गेम आहे, संगीत सुंदर आहे आणि फोनवर इतकं मोठं जग उभं राहू शकतं हे त्याने दाखवून दिलं. त्यात नवीन पात्र मिळवायला सोडत काढावी लागते. सर्वोच्च दर्जाचं पात्र एका सोडतीत मिळण्याची शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या सोडतीला असं एक पात्र हमखास मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. ही शक्यता कंपनीने गेममध्येच लिहून ठेवली आहे. लपवलेलं काही नाही. पण रात्री अकरा वाजता, पंच्याऐंशी सोडती झाल्यावर, उरलेल्या पाचांसाठी पैसे भरायचे नाहीत असं ठरवणं चौदा वर्षांच्या मुलाला किती अवघड जात असेल, याचा विचार करा. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा काही प्रकारच्या सोडतींना जुगाराच्या कायद्यात बसवलं, ते याच काळजीपोटी.

एकदाच किंमत घेऊन विकलेल्या गेमला तुम्हाला थांबवून ठेवण्याचं कारण उरत नाही. त्याला पैसे मिळालेले असतात. तो संपू शकतो. शेवट असलेला गेम संपल्यावर बाजूला ठेवता येतो, लहान भावंडाला देता येतो, कार्ड असेल तर विकता येतो. माझ्या लेखी हँडहेल्डच्या बाजूने असलेला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे.

कन्सोलवर सगळं स्वच्छ आहे असं मात्र समजू नका. तिथेही फुकट गेम आहेत, तिथेही सीझन पास आणि वेगळ्या पोशाखांची दुकानं आहेत. आणि फोनवरही एकदाच पैसे घेणारे उत्तम गेम आहेत: स्टारड्यू व्हॅली, डेड सेल्स, मॉन्युमेंट व्हॅली, २०२४ मध्ये फोनवर आलेला बालाट्रो. म्हणजे यंत्र निवडण्याआधी गेम पैसे कसे घेतो ते बघण्याची सवय लावा.

मुलांच्या हातात काय द्यावं?

आठ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा फोन देण्यापेक्षा घरात सगळ्यांचा मिळून एक कन्सोल असलेला मला केव्हाही बरा वाटतो. कन्सोलवर रील्स नसतात, अनोळखी नंबरवरून मेसेज येत नाहीत आणि आईच्या यूपीआयचा पिन त्यात साठलेला नसतो. स्विचसाठी पालकांचं वेगळं अ‍ॅप आहे. त्यातून वेळेची मर्यादा आणि खरेदीवर बंदी घालता येते.

फोनच द्यायचा असेल तर खरेदीला प्रत्येक वेळी पासवर्ड लागेल अशी सोय आधी करा. मुलांनी नकळत केलेल्या खरेदीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये अ‍ॅपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायला लावले होते. म्हणजे हा घोटाळा काही तुमच्याच घरात होत नाही. मुलाला ओरडण्याआधी सेटिंग उघडा.

आणि जमेल तेव्हा शेजारी बसून खेळा. मुलं हरल्यावर काय करतात हे तिथे फार छान कळतं.

भारतात काय मिळतं?

निन्टेंडो भारतात आपली यंत्रं अधिकृतपणे विकत नाही. स्टीम डेकही व्हॉल्व्ह इथे विकत नाही. जे दिसतात ते बाहेरून आणलेले. अधिकृतपणे मिळणाऱ्यांत असूसचा रॉग अलाय आहे, जो जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला. हा खरं तर हातात धरायचा विंडोज संगणक आहे. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टलही मिळतो, पण तो घरातल्या पीएस५, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचा गेम वायफायवरून दाखवण्यासाठी बनवला आहे. घरी पीएस५ नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बाहेरचा स्विच आणावा का?

अनेक जण आणतात आणि सुखाने खेळतात. पण काही गोष्टी माहीत असू द्या. कंपनीची वॉरंटी इथे चालत नाही. दुकानदार जी हमी देतो ती दुकानदाराचीच. भारतासाठी वेगळं ई-शॉप, म्हणजे निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान नाही, म्हणून दुसऱ्या देशाचं खातं काढून गिफ्ट कार्डावर गेम घ्यावे लागतात. पक्कं बिल मागा. वापरलेला घेत असाल तर दोन्ही जॉयस्टिकवरचे अंगठे काढा आणि पडद्यावरचं पात्र आपोआप सरकतंय का ते पाहा. जॉय-कॉनच्या, म्हणजे स्विचच्या सुट्या कंट्रोलरच्या, काड्या झिजून असं होणं हा स्विचचा जगभर माहीत असलेला दोष आहे. जपानमध्ये मिळणारा स्वस्त स्विच २ (स्विचची पुढची आवृत्ती) फक्त जपानी भाषेचा आहे आणि जपानी खात्यांपुरताच चालतो. पुण्या-मुंबईच्या कुणी नातेवाइकाने टोकियोहून आणायचं कबूल केलं असेल तर त्यांना हे आधी सांगा.

स्टीम डेकसारख्या यंत्रांबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण त्यांनी हँडहेल्डचं जग एकाच कंपनीच्या हातातून सोडवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक आला तेव्हा स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात, संगणकासाठी आधीच घेतलेले बरेचसे गेम त्यावर तसेच चालू लागले, पुन्हा विकत घ्यायचे नाहीत. आत लिनक्स आहे आणि विंडोजसाठी लिहिलेले गेम प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमुळे त्यावर चालतात. हे काम वर्षानुवर्षं खपून केलेलं आहे, आणि त्याचा फायदा साध्या लिनक्स संगणकांनाही मिळाला. आपल्या दृष्टीने आणखी एक सोय: स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि सेलमध्ये चांगला गेम दोन-चारशे रुपयांत मिळतो. यंत्र महाग, गेम स्वस्त. स्विचचं नेमकं उलट.

त्यामागून लेनोवो, एमएसआय, असूस सगळेच आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये असूस आणि मायक्रोसॉफ्टने मिळून रॉग एक्सबॉक्स अलाय काढला. त्यातल्या वरच्या मॉडेलची अमेरिकेतली किंमत तेव्हा एक हजार डॉलर होती. हँडहेल्ड म्हणजे स्वस्तातली मौज हे समीकरण इथे मोडलं आहे, आणि मला ते आवडलेलं नाही.

क्लाउड गेमिंगमुळे हा वादच संपणार नाही का?

अजून तरी नाही. दूरच्या सर्व्हरवर गेम चालवायचा आणि आपल्याकडे नुसतं चित्र पाठवायचं, ही कल्पना चांगली आहे. गुगलने स्टेडिया याच कल्पनेवर उभा केला आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद केला, लोकांचे पैसे परत देऊन. घरी फायबर असेल तर हे बऱ्यापैकी चालतं. पण बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर अंतरामुळेही येतो आणि नेट कितीही वेगवान झालं तरी अंतर कमी होत नाही. पुणे-मुंबई गाडीत तर खंडाळ्याचे बोगदे आले की तोही प्रश्न उरत नाही. प्रवासात खेळायचं असेल तर गेम यंत्रातच हवा.

विकत घेतलेला गेम दहा वर्षांनी माझ्याकडे असेल का?

कार्ड किंवा कार्ट्रिज असेल तर बहुधा असेल. गेम बॉयच्या १९८९ च्या कॅसेटी आजही चालतात.

बाकी सगळ्याची खात्री देता येत नाही. २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस ११ ने ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेली अ‍ॅप बंद केली आणि अ‍ॅप स्टोअरच्या पहिल्या काळातले असंख्य गेम, पैसे देऊन घेतलेलेसुद्धा, नव्या फोनवर उघडेनासे झाले. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने ३डीएस आणि वी-यू या घरच्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान बंद केलं. घेतलेलं उतरवता येतं, नवीन घेता येत नाही. स्विच २ च्या काही कार्डांत तर गेम नसतोच, फक्त तो उतरवण्याची किल्ली असते. दुकानात डबा हातात घेतलात की हे बघून घ्या.

सर्व्हरवर चालणाऱ्या फोनच्या गेमचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली, २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, जुलै २०२२ मध्ये तीही दुकानांतून उतरवली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. त्या दरम्यान ज्यांनी त्यात पैसे आणि वर्षं घातली होती त्यांना कशाचीच खात्री नव्हती.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा यावर काही परिणाम आहे का?

तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. कन्सोलचे गेम, ई-स्पोर्ट्स आणि साधे मोबाइल गेम त्या बंदीत येत नाहीत.

आपल्याकडचे गेम बनवणारे कुठे आहेत या सगळ्यात?

दोन्हीकडे, आणि त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ बनवला: हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, भारतीय पुराणकथांतून आलेलं जग. ऑगस्ट २०२० मध्ये तो सगळ्यात आधी निन्टेंडो स्विचवर आला. म्हणजे पुण्यात घडलेला गेम अशा यंत्रावर पहिल्यांदा प्रकाशित झाला, जे पुण्यात अधिकृत दुकानात मिळत नव्हतं. फोनवर आधी काढायला हवा होता असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तसा गेम फोनवर फुकट द्यावा लागला असता, आणि मग तो तसा राहिलाच नसता.

दुसरीकडे नवी मुंबईच्या गेमेशनचा लुडो किंग. २०१६ मध्ये आलेला हा गेम २०२० च्या टाळेबंदीत घराघरात पोचला. मामा एका गावात, आजी दुसऱ्या, नातवंडं तिसऱ्या देशात, आणि पट एकच. हे कुठल्याही कन्सोलला जमलं नसतं. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा इंडस हा बॅटल रॉयल (शेवटी उरेल तो जिंकला, असा) गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तोही फोनवरच, कारण त्याला जमाव हवा आणि जमाव तिथेच आहे.

मराठीचं म्हणाल तर अँड्रॉइड फोन मराठीत लावता येतो. स्विचच्या किंवा स्टीमच्या मेनूत मराठी नाही. या बाबतीत फोन कितीतरी पुढे आहे.

पुढच्या काही वर्षांत काय होईल असं वाटतं?

फोनवर खेळणारे संख्येने नेहमीच जास्त राहतील, भारतात तर फारच जास्त. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केल्यापासून इथला पहिला गेम फोनवरच खेळला जातो आणि ते बदलणार नाही. हँडहेल्ड हे दुसरं यंत्र म्हणूनच घेतलं जाईल. पण दुसरं यंत्र म्हणून ते मजबूत आहे: जून २०२५ मध्ये स्विच २ आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले.

मला धास्ती वाटते ती किमतींची. मेमरीच्या चिपचे भाव २०२५ च्या अखेरीस चढले, कारण एआयची डेटा सेंटर्स त्या विकत घेत आहेत. हँडहेल्डच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असतो. किंमत वाढत गेली तर मधला ग्राहक फोनकडेच ढकलला जाईल, त्याला आवडो न आवडो. दुसरीकडे युरोपीय महासंघाचा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतोय, ज्यानुसार उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यायला हवी. त्यासाठी यंत्रांची रचना बदलली तर पाच-सहा वर्षं जुना कन्सोल बॅटरीपायी टाकून द्यावा लागणार नाही, आणि त्याचा फायदा इथल्या वापरलेल्या यंत्रांच्या बाजारालाही होईल.

माझं बजेट पाच-सहा हजारांचंच आहे. काय करू?

आहे तो फोन ठेवा. एक बऱ्यापैकी ब्लूटूथ कंट्रोलर आणि फोन धरणारा क्लिप-स्टँड घ्या. मग एकदाच पैसे घेणारे दोन-तीन गेम निवडा. वर नावं दिली आहेत. आयफोन असेल तर अ‍ॅपल आर्केड आणि अँड्रॉइडवर गुगल प्ले पास यांची वर्गणी घेता येते. त्यातल्या गेममध्ये जाहिराती किंवा आतली खरेदी नसते. मुलांसाठी तर हे फारच सोयीचं. खेळताना नोटिफिकेशन बंद ठेवा. सहा महिन्यांनी कंट्रोलर धूळ खात पडलेला असेल तर मोठ्या यंत्राचे पैसे वाचले. रोज हातात येत असेल, तर वापरलेल्या स्विच लाइटसाठी (स्विचची फक्त हातात धरून खेळायची, स्वस्त आवृत्ती) पैसे बाजूला टाकायला सुरुवात करा.